गोड विहिरीचं इंजिन

इंद्रभान मिस्त्री मूळचा वडनेर भोलजीचा. घर माळ्याचं, मळा वांग्या-मिरच्यांचा. पोरानं मोट हाकावी, बाजार करावा असं बापाला वाटे. पोरगा खामगावला कापसाच्या जिनात कामाला गेला आणि तिथल्या इंजिनघराच्या दारातच अडकला. सरकीची पोती वाहायची सोडून तो फिरणाऱ्या पट्ट्याकडे बघत उभा राही. मुकादमानं त्याला बऱ्याचदा हाकललं. शेवटी इंजिनघरातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनंच त्याला आत घेतलं आणि तेलाची बुधली हातात दिली.

पुढे खामगावात मोटारी वाढल्या. वकिलांच्या, डॉक्टरांच्या, कापसाच्या व्यापाऱ्यांच्या. इंद्रभाननं स्टेशनच्या वाटेवर टिनाचं शेड टाकलं. हात चांगला होता, पण लोकांना आठवते ती त्याची बडबड. काम करताना तो मालकाशी बोले, मालक गेला की मोटारीशी बोले. "काऊन रुसली वं बाई, कालच तं तेल पाजलं तुले," असं बॉनेटात डोकं घालून म्हणे, आणि बाहेर चहा पीत बसलेली माणसं हसत. त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. दुसऱ्या लग्नाचं त्यानं मनावर घेतलं नाही. त्याचं घर म्हणजे धाकटी बहीण गोजरबाई. तिला रोहिणगव्हाणला दिली होती. तिच्या नवऱ्याचं नाव कारभारी, मुलीचं शालू. सणावाराला इंद्रभान तिथे जाई आणि शालूसाठी बेअरिंगमधल्या चकचकीत गोळ्या खिशातून नेई.

रोहिणगव्हाण हे नांदुऱ्याच्या उत्तरेला, पूर्णेकडच्या खारपाण पट्ट्यातलं गाव. जमीन काळी, कापूस सोन्यासारखा, पण विहिरींचं पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि प्यायलं की तहान वाढते. सगळ्या शिवारात एकच विहीर गोड, वामनराव पाटलांच्या वावरातली. खोल, दगडी बांधणीची. पाटलांनी कुणाला पाणी नाकारलं नव्हतं, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. पूर्वी तिच्यावर मोट चाले. मग एका पावसाळ्यात पाटलांची विलायती मोटार नाल्याच्या पुरात उलटली. सांगाडा गेला, इंजिन वाचलं. ते इंद्रभाननं विहिरीवर बसवलं. विहिरीच्या आतल्या ओट्यावर पंप, वर टिनाच्या खोलीत इंजिन, आणि दोहोंमध्ये लांब पट्टा. पाणी वरच्या हौदात पडायला लागलं त्या दिवशी बायांनी इंद्रभानला ओवाळलं होतं. गोजरबाई तर गावात मान वर करूनच चालायची. माझ्या भावानं पाणी वर आणलं, असं ती कुणी न विचारता सांगे. मोटेची लाकडं पुढे कुणीतरी चुलीत घातली. बैल चालायची धाव बाभळींनी भरून गेली.

असं बरीच वर्षं चाललं. मग, दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधी, माघ महिन्यात, पाटलांनी इंद्रभानच्या शेडसमोर एक लाल मोटार बैलांकडून ओढवून आणली.

खामगावात कापूस खरेदी करणारा एक इंग्रज विलायतेला परत निघाला होता, त्याची ती शर्यतीची गाडी. जुनी होती, पण तशी गाडी वऱ्हाडात दुसरी नव्हती. दोनच माणसांची बैठक, बॉनेटवर चामडी पट्टा, मागची बाजू माशाच्या शेपटीसारखी निमुळती. इंद्रभाननं बॉनेट उघडलं. इंजिनातली दांडी तुटून पोट फोडून बाहेर आली होती. भोकातून हात आत जात होता.

"चालू होईन काय?" पाटलांनी विचारलं.

"हे इंजन मेलं, पाटील. दुसरं बसवा लागन."

"मंग बसव. वैशाखात पोरीचं लगन हाय. जावई वकील हाय खामगावचा. त्याले याच गाडीत मिरवाचं, अन् हेच गाडी त्याले द्याची. शब्द देल्ला म्या."

इंद्रभाननं त्या दिवसापासून दुसऱ्या कामाला हात लावला नाही. गाडीभोवती फिरे, खाली झोपून चेसिस मापे, स्वतःशी बोले. भंगारवाल्यांकडे त्यानं चौकशी केली. एक इंजिन मालमोटारीचं मिळत होतं. ते इतकं लांब, की बॉनेट कापून पुढे रेडिएटर लटकवावं लागलं असतं. दुसरं एका मोठ्या अमेरिकन गाडीचं, सहा सिलिंडरचं. ताकद उदंड, पण वजन असं की पुढचे स्प्रिंगचे पाटे बसले असते. तशी गाडी तयार केलीच, तर ती वळणावर वळणार नाही, सरळ झाडावर जाईल, हे त्याला दिसत होतं. गिअरबॉक्सचं तोंडही जुळत नव्हतं.

तिसरं इंजिन त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लाल गाडी आणि पुरात गेलेली गाडी एकाच कंपनीच्या. विहिरीवरचं इंजिन काढलं तर एकही भोक नवं न पाडता या चेसिसवर बसलं असतं. काही दिवस त्यानं हे तोंडातून काढलं नाही. पाटील पुन्हा आले तेव्हा मात्र बोलून गेला.

"अजून एक इंजन हाय. पण ते विहिरीवर हाय."

पाटील हसले. "माह्यीच विहीर, माह्यंच इंजन. मंग इतके दिवस काऊन नाई बोल्ला बे?"

"गावाले पाणी पायजे न."

"ते तं पायजेच. मंग कसं करतं?"

यावर इंद्रभाननं विचार करून ठेवला होता. अमेरिकन इंजिन विहिरीवर बसवायचं. तिथे वजनाचं काय? जमिनीवर बसणार, वळणं घ्यायची नाहीत. उलट ताकद जास्त, हौद लवकर भरेल. गाडीला हलकं, विहिरीला जड. पाटलांना पटलं. कुणालाही पटलं असतं.

अमेरिकन इंजिन त्यानं भंगारवाल्याच्या वाड्यातच चालवून पाहिलं. गार हवेत, थोड्या वेळापुरतं. आवाज सरळ आला. एरवी कुठलंही जुनं इंजिन तो पूर्ण उघडून, रॉकेलनं धुऊन, उजेडात धरून पाहायचा. या वेळी त्यानं तसं केलं नाही. लाल गाडी शेडमध्ये पोट उघडं टाकून उभी होती आणि त्याचं मन तिकडे होतं.

फाल्गुनात तो बैलगाडी घेऊन रोहिणगव्हाणला गेला. टिनाच्या खोलीत पाने लावून नट सैल करत होता तेव्हा गोजरबाई हंडा घेऊन आली.

"दादा, नवं कुठी हाय?"

"येऊन राह्यलं. आठ-पंधरा दिवसांत आणतो."

"मंग ते येऊ दे. ते चाललं का हे काढ."

"तसं नाई जमत, गोजर. हे आधी उघडा लागते, घासा लागते, गाडीत बसवून चालवून पाहा लागते. वैशाख काही थांबत नाई."

"अन् आमी?"

"हौद भरून ठेवतो न आज. फाल्गुनात विहीर वर असते, दोरानं काढता येते. आठ-पंधरा दिवसांची तं गोठ."

गोजरबाई हंडा कडेवर घेऊन उभी राहिली. "दादा, थांब म्हणतो मी. मले बरं वाटून नाई राह्यलं."

"तू उगीच भेतं," तो म्हणाला आणि शेवटचा नट काढला. इंजिन बैलगाडीत चढवायला कारभारीनंच खांदा दिला.

खामगावला आणल्यावर त्यानं ते इंजिन असं साफ केलं की जणू आजच पेटीतून निघालं. गाडीत बसवलं. हँडल मारलं. पहिल्याच फेरीला ते बोललं. शेगावच्या रस्त्यावर त्यानं गाडी सोडली तेव्हा शेतातली माणसं उभी राहून बघत होती. त्या आठवड्यात इंद्रभानइतका सुखी माणूस खामगावात नसेल.

चैत्र लागताना अमेरिकन इंजिन विहिरीवर बसलं. दोन-तीन दिवस हौद भरला, बाया खूश झाल्या. मग एका दुपारी, ऊन डोक्यावर असताना, खोलीतून पांढरी वाफ आली आणि इंजिन अडखळून थांबलं. इंद्रभाननं ते उघडलं. सिलिंडरभोवती पाणी खेळायची जी पोकळी असते तिला वरपासून खालपर्यंत तडा होता. भंगारवाल्यानं किंवा त्याच्या आधीच्या कुणी तो लोखंडाचा कीस आणि नवसागर भरून बुजवला होता, वरून काळा रंग मारला होता. गार असताना चालून गेलं. तापल्यावर तोंड उघडलं.

इंद्रभान त्या तड्यावरून बोट फिरवत बसला. कारभारी म्हणाला, "होते काय काही?"

"भुसावळले नेतो. रेल्वेच्या कामाचा एक माणूस हाय, बिडाच्या लोखंडाले डाग देते."

भुसावळला डाग दिला. आणलं, बसवलं, चालवलं. पहिल्याच दिवशी डागाशेजारून नवा तडा गेला. आता ते इंजिन म्हणजे नुसतं लोखंड होतं.

तेव्हा तो पाटलांकडे गेला. वाड्यापुढे मांडवाचे खांब रोवले जात होते. बैलगाड्या नांदुऱ्याहून सामान आणत होत्या.

"पाटील, गाडीतलं इंजन काढून वापस विहिरीवर लावतो. दुसरं पाहू गाडीले."

वामनरावांनी मांडवाकडे हात केला. "अन् जावयाले काय बैलगाडीत बसवू? पत्रिका गेल्या, इंद्रभान. लगन होऊ दे, मंग पाहू."

"मंग मोट तरी लावा."

"सुताराले सांगतलं म्या. लाकूड आणाले गडी नाई रिकामा. पंधरा दिवस कळ काढा म्हणा."

इंद्रभान परत फिरला. त्यानं जास्त ओढून धरलं नाही. ती गाडी उघडी पडलेली पाहणं त्यालाही नको होतं. हे त्यानं पुढे स्वतःच एकाला सांगितलं, म्हणून माहीत.

चैत्राच्या शेवटी विहीर खाली गेली. दोर हाताची सालं काढी. तळाचा झरा बारीक, म्हणून एका घरानं हंडा भरला की दुसऱ्यानं थांबायचं. बायांची भांडणं लागायला लागली. पंप असताना पाणी सावकाश उपसून हौदात साठत राही, ज्याला जेव्हा लागेल तेव्हा नेता येई. आता सगळ्यांना एकाच वेळी, पहाटे आणि सांजेला हवं असे. ज्यांना रांगेत थांबणं जमेना ते नदीकडे वळले. पूर्णेला वैशाखात धार नसते, डोह आणि वाळू. वाळूत झिरे खणले की पाणी येतं, ते विहिरींइतकं खारट नसतं. गाव झिऱ्याचं पाणी प्यायला लागलं.

लग्न झालं. इंद्रभाननं स्वतः गाडी चालवली, शेजारी मुंडावळ्या बांधलेला जावई. पुढे वाजंत्री. लोकांनी फुलं टाकली. वरात वेशीजवळून वळली तेव्हा नदीकडून हंडे घेऊन येणाऱ्या बाया बाजूला उभ्या राहिल्या. त्यांत गोजरबाई होती, शालू तिचा पदर धरून. शालूनं मामाला हात केला. गोजरबाईनं मान दुसरीकडे फिरवली.

दुसऱ्या दिवशी जावई नव्या नवरीला घेऊन त्याच गाडीतून खामगावला गेला. इंद्रभाननं पाटलांना पुन्हा गाठलं. वामनराव ओट्यावर बसले होते, थकलेले, आवाज बसलेला.

"जावयाले देल्लेली वस्तू वापस मागू काय रे? तोंड राहीन काय माह्यं?" ते म्हणाले. "मोट लावतो. सुतार येऊन राह्यला."

सुतार आला तोवर गावात पटकीची, कॉलऱ्याची साथ आली होती.

कुणी म्हणे वऱ्हाडी मंडळींबरोबर आली, कुणी म्हणे नदीच्या वरच्या गावात आधीच होती आणि तिथल्या मेलेल्यांचे कपडे डोहात धुतले गेले. एकाच घरातून सकाळी एक आणि सांजेला दुसरी तिरडी निघायला लागली. पाटलांच्या वाड्यातली एक मोलकरीण गेली. सुतार आपलं सामान तिथेच टाकून पळाला. ज्यांना नातेवाईक होते ते दुसऱ्या गावी निघाले, पण वाटेवरची गावं त्यांना आत घेईनात.

इंद्रभान तेव्हा खामगावात होता. रोहिणगव्हाणचा एक शेतकरी औषध न्यायला आला, त्यानं शेडच्या बाहेरूनच सांगितलं, जवळ आला नाही. "मिस्त्री, तुमचा कारभारी काल गेला."

इंद्रभाननं हातातला पाना खाली ठेवला. "गोजर?"

"ते हाय. पोरीचं माहीत नाई मले."

तो सरळ पाटलांच्या जावयाच्या बंगल्यावर गेला. दुपारची वेळ, वकील कचेरीत गेले होते. अंगणात गाडीखान्याला कुलूप. हाक मारल्यावर नवी नवरी बाहेर आली. सरस्वती. लहानपणी विहिरीवरच्या हौदाशी बायांच्या मागे नाचणारी पाटलांची पोरगी.

"ताई, गाडी पायजे," इंद्रभान म्हणाला. "विहिरीवर नेतो. इंजन काढत नाई बसत आता. उभीच्या उभी लावतो. मागचं चाक उचलतो, त्याच्यावर पट्टा चढवतो, पंप फिरन."

बोलता बोलताच तो थांबला. ही गोष्ट त्याला त्याच क्षणी सुचली होती. चाकावरून पट्टा घ्यायचा, एवढंच. चैत्रात सुचली असती तर मांडवाच्या दिवसापर्यंत गाडी विहिरीवर राहिली असती आणि वरातीला धुऊन नेली असती. दोन्ही झालं असतं.

सरस्वती उंबऱ्यावर उभी होती. हातावरची मेंदी अजून पुसली नव्हती.

"माह्या माहेरची माणसं मरून राह्यली, अन् हे मले सांगत नाईत," ती म्हणाली. आत गेली आणि किल्ली घेऊन आली. "मी देल्ली म्हणून सांगू नका कोणाले."

"नाई सांगत."

पेट्रोलचे डबे शेपटीत टाकून त्यानं गाडी हाकली. नांदुऱ्यावरून रोहिणगव्हाणला पोहोचला तेव्हा ऊन कलत होतं. वेशीत माणूस नव्हतं. लाल गाडी गावातून गेली आणि एक दारही उघडलं नाही.

विहिरीवर जाऊन त्यानं गाडी मागे घेतली, मागचं चाक जॅकवर उचललं, टायर उतरवला आणि चाकाच्या रिकाम्या लोखंडी धावेवर पंपाचा पट्टा चढवला. मदतीला वामनराव पाटील आले. एकटेच, अनवाणी. त्यांनी गाडी पाहिली, इंद्रभानला काही विचारलं नाही, पट्टा ताणायला हात लावला. इंजिन चालू झालं. पट्टा दोनदा घसरला, मग बसला. विहिरीच्या आत पंप कण्हला आणि नळातून हौदात पाणी पडलं.

पाटलांनी गावात दवंडी दिली, कोतवालाबरोबर स्वतः फिरून. झिऱ्याला हात लावायचा नाही, हौदावर या. बाया आल्या. हंडे भरून घेऊन गेल्या.

इंद्रभान गोजरबाईच्या घरी गेला. ती दारात बसली होती, केस मोकळे. आत बाजेवर शालू. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी धुणं धुतलेल्या हातासारखी सुरकुतलेली. ती बारीक आवाजात एकच मागत होती.

"पाणी दे वं माय."

इंद्रभाननं सोबत हौदातून चरवी भरून आणली होती. तो पुढे झाला तशी शेजारची सत्यभामाबाई आडवी आली. वयानं मोठी, गावात तिचा शब्द चाले. "पटकीत पाणी देऊ नाई, मिस्त्री. पाणी पडलं का उलटून येते, अन् जीव घेऊन जाते."

"मागून राह्यली ते."

"सगळेच मागतात. माह्या पोरानंबी मागतलं होतं."

इंद्रभाननं बहिणीकडे पाहिलं. गोजरबाई उठली. पदराचं टोक चरवीत भिजवून तिनं शालूच्या ओठांवर धरलं. पोरगी ते चोखायला लागली. एवढंच पाणी तिला त्या दिवशी मिळालं. बाहेर विहिरीकडून गाडीचा आवाज सारखा येत होता आणि हौद भरून पाणी वाहायला लागलं होतं, हे घरात बसलेल्या सगळ्यांना ऐकू येत होतं.

दिवस उगवता उगवता शालू गेली.

तिला पुरून आल्यावर इंद्रभान पुन्हा गाडीपाशी जाऊन बसला. उभ्या गाडीचं इंजिन तापतं, म्हणून रेडिएटरवर पाणी ओतत राहावं लागे. तो चरवीनं पाणी ओतत राही आणि एक शब्द बोलत नसे. मग बुलढाण्याहून साथीचा फिरता दवाखाना आला. त्यांनी विहिरीत लाल औषध टाकलं, सुया टोचल्या. त्यांच्यातल्या कंपाउंडरनं घरोघर सांगितलं की रोग्याला पाणी द्या, मीठ घालून, जेवढं मागेल तेवढं. सत्यभामाबाई ते ऐकून भिंतीला टेकून खाली बसली. इंद्रभानही तिथेच होता. तो उठून वावरात निघून गेला.

हळूहळू साथ उतरली. गोड पाण्यानं उतरली, सुयांनी उतरली, की मरायचे होते ते मरून झाले म्हणून उतरली, कुणी सांगू शकलं नाही.

पावसाचे ढग यायच्या आत पोलीस आले. जावयानं फिर्याद दिली होती. कुलूपबंद गाडीखान्यातून मोटार चोरीला गेली. गाडीची अवस्था वाईट झाली होती. उभ्या उभ्या चालून इंजिन जळत आलं होतं, चाकाची धाव पट्ट्यानं झिजली होती. वामनरावांनी जावयाला समजावून पाहिलं. जावई म्हणाला, "मामंजी, मग तुम्हीच चोराला किल्ली दिली असं म्हणायचं का?" वामनरावांनी विषय तिथेच सोडला. पोरगी त्या घरात नांदायची होती.

कोर्टात इंद्रभानला विचारलं, किल्ली कोणी दिली.

"म्या घेतली," तो म्हणाला.

"कुठून?"

"खुंटीवरून."

वामनरावांची साक्ष झाली. गाडी जावयाची होती, हे त्यांनी खालच्या मानेनं सांगितलं, आणि विहिरीवर पट्टा ताणायला आपण हात लावला होता हे सांगितलं नाही. इंद्रभाननं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्याला शिक्षा झाली आणि ती त्यानं अकोल्याच्या तुरुंगात काढली. तिथल्या साहेबाची मोटार बिघडली तेव्हा कुणीतरी सांगितलं की हा कैदी मिस्त्री आहे. त्याला आणलं. तो गाडीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, मला यातलं काही येत नाही.

सुटल्यावर तो खामगावला थांबला नाही. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दुसरबीडला गेला. तिथे कुणी ओळखीचं नव्हतं. रस्त्याच्या कडेला छपरी घालून कंदील, स्टोव्ह, बादल्यांचे बूड असली कामं करायला लागला. त्याची बडबड संपली होती. गिऱ्हाईक स्टोव्ह ठेवून जाई, सांजेला घेऊन जाई, मध्ये दोन शब्द होत असतील नसतील.

बऱ्याच वर्षांनी, लढाई संपल्यावर, तो एकदा खामगावला गेला. गोजरबाई जिनात कापूस निवडायच्या कामावर होती, हे त्यानं विचारून काढलं होतं. जेवणाच्या सुट्टीच्या भोंग्यानंतर बाया फाटकातून बाहेर पडल्या. केसांवर, भुवयांवर पांढरी रुई. त्याला ती ओळखू आली, तिला तो आला नाही. त्यानं हाक मारली तेव्हा ती थांबली.

दोघं फाटकाजवळच्या लिंबाखाली बसले. तिनं फडकं सोडून भाकर काढली, मोडून अर्धी त्याच्यापुढे ठेवली.

"कुठी राह्यतं?"

"दुसरबीडले."

"करून खातं?"

"हाव."

बराच वेळ ती कोरडी भाकर चावत राहिली. मग म्हणाली, "तू इंजन नेलं म्हणून पोर गेली, असं नाई म्हणत मी. पटकी त्या साली सगळ्याच गावांत होती. विहिरीचं पाणी पेणारेबी मेले."

इंद्रभान खाली बघत होता.

"पण म्या तुले थांब म्हणलं होतं," ती म्हणाली. "तू माह्यं आयकलं असतं, तं मले आज इथं तुह्याजवळ बसता आलं असतं. आता बसवत नाई."

"मी जातो," इंद्रभान म्हणाला.

"भाकर खाऊन जा."

त्यानं भाकर खाल्ली. तिनं फडकं झटकलं आणि बाकीच्या बायांबरोबर परत आत गेली. त्यानंतर ती दोघं भेटली नाहीत.

इंद्रभान दुसरबीडलाच वारला, वऱ्हाड मुंबई राज्याला जोडलं जायच्या आधी, कारभार अजून नागपूरहूनच चालत होता त्या काळात. दोन दिवस छपरी उघडली नाही म्हणून शेजारच्या चहावाल्यानं ताटी ढकलून पाहिलं. गावातल्या चार माणसांनी वर्गणी करून त्याला नेलं. त्याच्या नात्याचं कुणी आहे का, हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे खामगावला निरोप गेला नाही. दुरुस्तीला आलेले कंदील आणि स्टोव्ह चहावाल्यानं बाहेर ओळीनं मांडून ठेवले. ज्यांचे होते ते येऊन घेऊन गेले.